खांबाचा चोला

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत उंच म्हणजे आमच्या वडीगोद्रीजवळच्या गुरुद्वाऱ्यातला खांब. त्याला गळा नव्हता, बाह्या नव्हत्या, खिसा नव्हता. बाकीची गिऱ्हाइकं बगलेत धरतंय, कमरेत ढिलं झालंय म्हणून डोकं खात. खांबानं एकदाच तक्रार केली, पहिल्या वर्षी, आणि ती रास्त होती. त्याच्या नादानं मी म्हातारपणी एक लिपी शिकायला बसलो आणि धड शिकलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी जातीनं शिंपी आणि धंद्यानंही शिंपी. एक्याऐंशी साली वडीगोद्रीला रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं. सासरे म्हणाले, जालन्यात बाजारात गाळा बघा, रस्त्यावर कोण झंपर शिवायला येणार? खरंच कुणी आलं नाही. आले ते ट्रक. कुणाची ताडपत्री फाटलेली, कुणाची सीट उसवलेली, कुणाला केबिनला झालरीचा पडदा पाहिजे.

ताडपत्री शिवणं बाहेरच्याला सोपं वाटतं. ते मशीनचं काम नाही. जमिनीवर मांडी ठोकून बसायचं, तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दोऱ्याला मेण चोळायचं आणि दाभण रेटायचा. कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून शिवण घालावी लागते, नाहीतर सुईच्या भोकातूनच पाणी आत जातं आणि खालचा माल भिजतो. माझ्या हाताखालून गेलेल्या ताडपत्रीखालचा माल कधी भिजला नाही. भिजला असेल तर मला कुणी सांगितलं नाही. गिऱ्हाइकं मात्र एकेक वल्ली. परतूरहून सरकी वाहणारा एक ड्रायव्हर आईचं जुनं लुगडं घेऊन आला आणि त्याचा पडदा शिवून घेतला. म्हणाला, "म्हातारी सोबत असली की डुलकी लागत न्हाई." म्हातारी घरी ठणठणीत होती.

दुकानाच्या पलीकडं बलवंतसिंगांचा ढाबा होता आणि ढाब्याच्या मागं गुरुद्वारा. गुरुद्वारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं संगमरवर आणि सोन्याचा कळस येत असेल. इथं एक खोली, एक पडवी आणि हातपंप होता. बाहेरच्यांसाठी सांगतो: शिखांच्या दहाव्या गुरूंचे शेवटचे दिवस नांदेडला गेले. माझ्यामागं माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू, हे त्यांनी तिथं सांगितलं. म्हणून नांदेड त्यांना फार मोठं. आमच्या रस्त्यानं नांदेडला जाणारे पंजाबी ड्रायव्हर ढाब्यावर थांबत, आणि थांबलेल्या माणसाला माथा टेकायला जागा पाहिजे म्हणून बलवंतसिंगांनी खोली बांधायला काढली. जाता-येता ज्यानं त्यानं विटा टाकल्या. कुणी धुळ्याच्या, कुणी सोलापूरच्या, कुणी थेट बदनापूरच्या भट्टीतल्या. त्यामुळं त्या भिंतीत दोन ओळी सारख्या रंगाच्या नव्हत्या, आणि बलवंतसिंगांनी तिला कधी गिलावा करू दिला नाही.

तिथले ग्रंथी भाई मेहेरसिंग. ग्रंथी म्हणजे ग्रंथाची सेवा करणारा. हे नांदेडात जन्मलेले, मराठी तुमच्या-आमच्यासारखं बोलायचे. आम्ही सगळे त्यांना भाईजी म्हणायचो. पहिल्या वर्षी ते दुकानात आले आणि म्हणाले, "मास्तर, एक झगा शिवायचाय. माप घ्यायला शिडी लागंल."

गुरुद्वाऱ्याबाहेर उंच खांब असतो, वर पोलादी खंडा, म्हणजे दुधारी तलवारीचं चिन्ह, आणि केशरी झेंडा. त्याला निशाणसाहिब म्हणतात. कुणी भुकेला, थकलेला असला तर त्याला लांबून दिसावं की इथं जेवायला, टेकायला मिळेल. त्या खांबाला वरपासून खालपर्यंत कापडाचा चोला घालतात आणि बैसाखीला तो बदलतात. त्या दिवशी खांब आडवा करून दूध, दही आणि पाण्यानं धुवायचा, नवा चोला चढवायचा. एक नेम कडक, खांब जमिनीला टेकता कामा नये. माणसांनी तो खांद्यावर धरून उभं राहायचं, सगळं होईपर्यंत.

मी आपला हुशार. घेर मोजून अगदी बेताचा चोला शिवून नेला, लांबच लांब बाही असते तसा. चैत्राचं ऊन, खांब आडवा, पाचपन्नास ड्रायव्हर खांदा देऊन उभे. खांब धुतलेला, ओला. चोला चढवायला लागलो तर अर्ध्यावर जाऊन असा चिकटला की पुढं जाईना, मागं येईना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माणसं घामानं निथळत होती, पण एकानं खांदा काढला नाही. भाईजी जवळ आले.

"मास्तर, हा काय सासऱ्याचा झब्बा हाय का? उसवा सगळा. अंगावरच शिवा."

मी शिवण उसवली, कापड खांबाभोवती गुंडाळलं आणि खांबालगत पुढं सरकत, उभ्यानं, हातानं टाके घालत गेलो. झाल्यावर खांब वर गेला, लोकांनी जयघोष केला आणि मी हातपंपाखाली डोकं धरलं. तेव्हापासून चोला दरवर्षी अंगावरच शिवायचा, हा आमच्याकडचा रिवाज पडला. दुसरीकडं असं करत नाहीत. माझ्या चुकीतून तो आला, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोरा होता.

मग हळूहळू मी आतलीही कामं करायला लागलो. ग्रंथावर घालायचे रुमाले, वरचा चांदवा. ग्रंथ त्यांना जिवंत गुरू. पहाटे त्याला उठवायचं, गादीवर बसवायचं, रात्री निजवायचं, उन्हाळ्यात पातळ रुमाला, थंडीत रजई. रजईचं माप घरी सांगितलं तेव्हा माझी बायको शकुंतला हसली. "पोथीला काय थंडी वाजती?" दुसऱ्या दिवशी ती बघायला आली, आणि रजई तिनंच शिवली. मशीनला हात लावू दिला नाही मला.

सकाळी भाईजी ग्रंथ सहज उघडत. जे पान उघडेल त्याच्या डाव्या अंगाचा वरचा शबद, म्हणजे पद, वाचायचा. तो त्या दिवशीचा हुकूम. गुरूनं आज आपल्याला काय सांगितलं, ते. मुक्कामाचे ड्रायव्हर हुकूम ऐकल्याशिवाय गाडीला चावी लावत नसत. मी कोपऱ्यात टाके घालत ऐकायचो. एकदा भाईजी वाचता वाचता थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, हे तुमच्या घरचं हाय." आमच्या शिंप्यांचा जो संत, आमच्याच मुलखात जन्मलेला, त्याचं नाव मराठी माणसाला सांगायला नको. त्याचे शब्द त्या ग्रंथात आहेत, गुरूंच्या ओळीत बसवलेले. मी ऐकून होतो, पण त्या दिवशी ते कानावर पडले तेव्हा सुई बोटात गेली तरी कळलं नाही. इतके दिवस मी परक्या घरात मजुरीला जातो असं समजत होतो.

मग दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाली तो आठवडा. ट्रक थांबायचे बंद झाले, बलवंतसिंगांनी ढाब्याचं दार ओढून घेतलं. कुणी म्हणालं, निदान खांब तरी उतरवा, रस्त्यावरून लांबून दिसतो. भाईजी म्हणाले, "दिसायलाच तर लावलाय." आम्ही गावातले काही जण दिवसभर गुरुद्वाऱ्याच्या पायरीवर बसून राहिलो, ट्रक खाली करणारा हमाल उत्तम सगळ्यांत पुढं. आमच्याकडं काही झालं नाही. पण पुढं महिनाभरानं माझं एक जुनं गिऱ्हाईक आलं, ते मला ओळखूच येईना. पगडी नाही, दाढी नाही. केबिनच्या पडद्यावर मी त्याला खंडा भरून दिला होता, तो पडदा पुढ्यात टाकला. म्हणाला, "ये निकाल दो, मास्तरजी." मी एकेक टाका काढला. धागा निघतो, पण सुईची भोकं राहतात. उजेडात धरलं की खंडा तसाच दिसायचा. मी त्याला पडदा घडी करून दिला आणि ते बोललो नाही. धंद्यात केलेल्या कामांतलं ते सगळ्यात वाईट काम.

पुढं ओहोटीच लागली. बलवंतसिंग वारले, पोरांनी ढाबा विकला आणि पुण्याकडं गेली. नव्या गाड्या लांब पल्ल्याच्या, ड्रायव्हर पेट्रोलपंपावर झोपायला लागले. ताडपत्र्या प्लास्टिकच्या आल्या, फाटल्या की फेकून देतात. माझ्याकडं शाळेचे गणवेश उरले आणि गुरुद्वाऱ्यात भाईजी. बैसाखीला खांद्यांची पंचाईत व्हायला लागली. मग उत्तम त्याचे हमाल घेऊन यायचा, गावातले शेतकरी यायचे. मी त्यांच्यासाठी केशरी फडकी शिवून ठेवायचो, डोकं झाकायला. एका वर्षी खांबाखाली एकही शीख खांदा नव्हता. भाईजी खांबावर पाणी घालत होते. मला वाटलं, ते मनातून खचले असतील. पण ते उत्तमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खांबाला काय माहीत कुणाचा खांदा हाय?"

दोन हजार साल उलटून गेलं होतं. बैसाखी तोंडावर आलेली. भाईजी कापड पसंत करायला दुकानात आले. मी फळीवरून दोन तागे काढले, एक केशरी आणि त्याच्यासोबत निघालेला शाळेच्या पँटींचा निळा. निळा चुकून वर राहिला होता. भाईजींनी त्याच्यावर हात फिरवला, चिमटीत धरला.

"पोत बेस हाय. आणि रंग तर काय झकास उठलाय यंदा. हाच केशरी घ्या."

मी थट्टा समजलो. तोंड वर करून बघितलं तर ते माझ्या खांद्यापलीकडं बघत होते.

"भाईजी," मी म्हणालो, "हा निळा हाय."

ते स्टुलावर बसले. हात ताग्यावरच राहिला. मी पाणी दिलं तर तांब्या चाचपून घेतला.

"कधीपासून?"

"धुकं व्हतं आधी. थंडीत नजर बिलकुल गेली. जालन्याला डॉक्टरला दाखवून आल्तो. इलाज न्हाई म्हणाला."

"आन् सकाळचा हुकूम?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "उघडतो. हात जोडतो. जे पाठ हाय त्यातलं म्हणतो." तोंडावरून हात फिरवला. "मास्तर, पान एक निघतंय आन् मी म्हणून राह्यलो दुसरंच. तो हुकूम महाराजांचा न्हाई. माझा हाय. माणसं त्याच्यापुढं माथा टेकून गाडीला चावी लावून राह्यलीत."

"येतंयच कोण आता? आठवड्यातून एखादा ड्रायव्हर. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

त्यांनी मग सगळं उलगडून सांगितलं. वाचणारा नसेल तिथं ग्रंथ ठेवता येत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कळवायचं, ते लोक मानानं घेऊन जातील. आणि आत गुरू नसले तर बाहेर निशाण उभं राहत नाही. म्हणजे खांबही उतरणार. भाईजींना बायको-पोरं नव्हती. ती खोली, तो खांब आणि रोज पहाटेचं ते उठवणं, एवढाच त्यांचा संसार.

"मला शिकवा वाचायला," मी म्हणालो.

ते हसले. मी पण हसलो असतो. साठीच्या घरातला शिंपी, सुईत दोरा ओवायला शकुंतलेला हाक मारणारा. पण मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. म्हणालो, "हसू नका. आमच्या घरचा माणूस बसलाय आत. त्याला असा घालवून देऊ का?"

मग रोज दुपारी ग्रंथाच्या लिपीची शिकवणी. पाटी कुठली आणणार? मी तोच निळा कपडा कापायच्या फळीवर अंथरला आणि माझा मार्किंगचा खडू त्यांच्या हातात दिला. डोळे गेलेला माणूस, पण अक्षरं काय सुरेख काढायचा. वरची रेघ ओढायची आणि त्याला एकेक अक्षर लटकवायचं. मी गिरवायचो, ते माझ्या हातावर हात ठेवून चूक ओळखायचे. "ही कमान उलटी घातली मास्तर, बाही उलटी लावल्यासारखी." अक्षरं आली. काने-मात्राही आल्या. पण ग्रंथात पाहतो तर ओळच्या ओळ दाट, आणि माझी नजर दुसऱ्या शब्दावर गेली की पहिला विसरायची. एक शबद वाचायला मला इतका वेळ लागायचा की समोर ड्रायव्हर असता तर उठून गेला असता. भाईजी रागावले नाहीत कधी. उलट एक दिवस त्यांनीच खडू खाली ठेवला.

"बस झालं, मास्तर. तुम्ही वाचाल हो एक दिवस. पण रोज पहाटं उठून त्यांना उठवणार कोण? मी गेल्यावर थंडीत रजई घालणार कोण? तुमचं दुकान हाय, घर हाय. गुरूला पाहुण्यासारखं ठिवता येत न्हाई."

मी बायकोकडं बघितलं. पहाटे उठून ती आमच्या गुडघ्यांना तेल लावते तेव्हा कुठं आम्ही दोघं उभे राहतो, हे तिला माहीत होतं. नांदेडला निरोप गेला.

बैसाखी उलटली, त्या वर्षी नवा चोला झालाच नाही. एके दिवशी सकाळी ग्रंथाला आणि भाईजींना न्यायला जीप येणार म्हणून कळलं. आम्ही लवकर जाऊन बसलो, मी, शकुंतला, उत्तम आणि त्याची माणसं. भाईजींनी ग्रंथ गादीवर ठेवला, रुमाले सरकवले आणि उघडला. मग माझ्याकडं वळले.

"या मास्तर. आज हुकूम खरा झाला पायजे."

मी हातपाय धुऊन, डोकं झाकून पुढं बसलो. डाव्या पानावर वर बोट नेलं, कागदाला लागू न देता. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागलं. पहिला शब्द म्हणालो, मग दुसरा. तिसऱ्याला अडलो. पुन्हा पहिल्यापासून म्हणालो, आणि तिसरा कसाबसा तोंडातून निघाला, तोच भाईजींनी धरला. आवाज असा लागला त्यांचा की बाहेर हातपंपावर पाणी भरणारी बाई थांबली. तिसऱ्या शब्दापासून शेवटपर्यंत त्यांनी तो शबद म्हटला, आणि मी बोट फिरवत खाली खाली गेलो, बघत गेलो. एकेक शब्द पानावर होता तसाच होता. ते म्हणत होते ते पानातलंच होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "बराबर हाय, भाईजी. हेच हाय." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्याही. हमाल बावरून बघत होते.

मी नंतर विचारलं, काय सांगितलं आज?

"जे होईल ते गोड मानून घे म्हणत्यात," ते म्हणाले. रुमाला चाचपून सरळ केला आणि म्हणाले, "न्हाई मानता येत, मास्तर."

जीप आली. नांदेडची माणसं फार अदबीनं वागली. रुमाल्यात गुंडाळलेला ग्रंथ एकानं डोक्यावर घेतला, पुढं एकजण पाणी शिंपडत अनवाणी चालला. शकुंतलेनं शिवलेली रजई वर होती. उन्हाळ्यात रजई कशाला म्हणून कुणी विचारलं नाही.

मग खांब. खंडा काढून जीपमध्ये दिला. खांब उत्तमच्या माणसांनी खांद्यावर घेतला आणि मी नेहमीच्या जागेवर उभा राहून उसवायला लागलो. गेल्या वर्षीचे माझेच टाके, उन्हानं कडक झालेले. वीस वर्षांत पहिल्यांदा या खांबापाशी मी शिवत नव्हतो. भाईजी एक हात खांबावर ठेवून माझ्यासोबत सरकत होते. कापड संपलं. खालचा लोखंडी पाइप उघडा पडला, गंजाचे डाग दिसायला लागले. मी चोला घडी करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि नुसते उभे राहिले. जीपवाले वाट बघत होते.

"ठिवा आता खाली," भाईजी म्हणाले. "आता नुसता पाइप हाय तो. खांदं मोकळं करा."

कुणी हललं नाही. मी उत्तमकडं बघितलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. ऊन तापलं होतं, लोखंड तापलं होतं, डोक्यावरची केशरी फडकी घामानं भिजली होती. हमाल माणसं, ओझं कधी उतरवायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण एकानं खांदा काढला नाही.

"ठिवला का, मास्तर?" भाईजींनी विचारलं.

मी म्हणालो, "ठिवला, भाईजी."

त्यांनी मान डोलावली. जीपमध्ये त्यांना हात देऊन बसवलं. जीप रस्त्याला लागली, वळणाआड गेली, तरी आम्ही तो उघडा खांब धरून उन्हात तसेच उभे होतो.